ताईंचा उजवा डोळा

आमच्या धंद्यात डोळे तपासायला डॉक्टर लागत नाही. सुईत दोरा ओवता आला की डोळे शाबूत, नाही ओवता आला की चष्म्याचा नंबर वाढला, इतकं साधं. आमचं दुकान रफूचं आहे. कोटाला कसर लागली, शालीवर ठिणगी पडली, पँट खिळ्याला अडकली, की लोक आमच्याकडे येतात आणि विचारतात, "दिसणार नाही ना?" ताईंचं उत्तर ठरलेलं असतं. "दिसलं तर परत आणा. नाही दिसलं तर कुठं होतं ते विचारायला येऊ नका, मलाही सापडणार नाही."

ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. दुकान त्यांनी उभं केलं. लग्न केलं नाही, कुणी खोदून विचारलंच तर म्हणतात, "दुसऱ्यांची भोकं बुजवता बुजवता राहून गेलं." मी या घरात आले तेव्हा मला धड बटणसुद्धा लावता येत नव्हतं. ताईंनी वर्षभर मला रफू शिकवून पाहिला. आतल्या शिवणीतून त्याच कापडाचा धागा काढायचा, भोकावर उभे धागे टाकायचे, मग आडवा धागा एकाच्या वरून, एकाच्या खालून न्यायचा. माझा रफू गुमड्यासारखा वर यायचा. शेवटी त्यांनी माझ्या हातात इस्त्री दिली. "सगळ्यांना सगळं येत नाही. मी भरते, तू दाब." त्याला बावीस वर्षं झाली. त्या खिडकीपाशी, मी टेबलापाशी, मधे चार हातांचं अंतर.

या सगळ्यात माझा जो काही दोष आहे तो या चार हातांतलाच आहे.

ताईंचा उजवा डोळा सगळं जग बंद पडलं त्याच्या दीड वर्ष आधी दुखणाईत झाला होता. दुखणाईत म्हणजे दुखत नव्हता. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, बरोबर मधोमध, नको तिथे बारीक रक्तवाहिन्या उगवल्या होत्या आणि त्या झिरपत होत्या. डॉक्टरबाईंनी चित्र काढून समजावलं. ताईंनी ऐकून घेतलं आणि घरी येऊन भावाला दोन शब्दांत सांगितलं, "ओल आलीय." उपाय एकच, दर दीड महिन्याने त्या डोळ्यात इंजेक्शन. ताईंना त्याची भीती वाटली नाही. "जन्मभर सुया टोचल्या मी, एवढ्याशा सुईला काय घाबरायचं," म्हणाल्या. दीड वर्षभर आम्ही एकही तारीख चुकवली नाही. मी सोबत जायची. दवाखान्याच्या कागदावर फोन नंबर माझा होता, कारण ताई फोन बाळगायच्या नाहीत. सुई धरलेल्या हाताने फोन घ्यायचा नसतो असा त्यांचा नियम होता, आणि त्यांच्या हातात सुई नाही अशी वेळ जेवणापुरतीच.

मग ती साथ आली.

नवऱ्याचं सांगायला हवं. तो बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. तीस वर्षं धूर खाऊन त्याची फुप्फुसं थकलेली. साथीच्या आदल्याच वर्षी न्यूमोनियाने अकरा दिवस दवाखान्यात होता आणि निघताना तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "या वेळी निभावलं. पुढच्या वेळचं मी काही सांगत नाही." त्यामुळे साथीची बातमी आली तेव्हा माझ्या कानात तेच एक वाक्य वाजायला लागलं. मी दाराची कडी धुतली, भाजी धुतली, आलेलं वर्तमानपत्र उन्हात टाकलं. नवरा म्हणाला, "आता मलाही पिळून दोरीवर टाक." ताई म्हणाल्या, "आटशील रे बाळ्या." पन्नाशीच्या माणसाला त्या अजून बाळ्याच म्हणतात. दोघं हसले. मी नाही हसले. मी त्याच्या श्वासाचा आवाज ऐकत बसायची.

दुकान बंद होतं. हातातली चार कामं ताईंनी घरी आणली होती. एका सोमवारी अकराच्या सुमाराला दवाखान्यातून फोन आला. फोन करणारी मुलगी तरुण वाटत होती, भरभर बोलत होती.

"बाकी तपासण्या बंद आहेत, पण इंजेक्शनं चालू ठेवलीत. उद्या दहाला याल का? सोबत एकच जण."

"गर्दी असते का हो?" मी विचारलं.

ती खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. "खुर्च्या लांब लांब ठेवल्यात," ती म्हणाली, "पण पेशंट असतातच. काल एक जण खोकत होते, त्यांना बाहेर बसवलं."

"थोडं पुढं ढकललं तर चालेल?"

"ते डोळ्यावर आहे. मी तीन गोष्टी विचारते, तुम्ही पेशंटला विचारून सांगा. उभी रेघ वाकडी दिसते का? वाचताना मधलं अक्षर जातं का? समोर डाग दिसतो का? एकेक डोळा झाकून बघायला सांगा."

मी फोन कानाला लावून दारात आले. आत ताई खिडकीजवळ बसल्या होत्या. दोरा दातांनी चपटा केला, चिमटीत धरला, दुसऱ्या हाताने सुई आणली आणि पहिल्या झटक्यात ओवला. त्याआधी मी त्यांना हाक मारणार होते. नाही मारली. मी परत फिरले आणि फोनवर म्हणाले, "अहो, त्यांनी आत्ता माझ्यासमोर सुईत दोरा ओवला. रफूची सुई, केसाएवढी. डोळे एकदम उत्तम आहेत."

ती मुलगी हसली. "मला चष्मा लावूनही ओवता येत नाही. बरं, मग लिहिते, पेशंट ठीक, नातेवाइकांनी पुढची तारीख मागितली. महिन्याने फोन करते."

आतून ताईंनी विचारलं, "कुणाचा गं?"

"दवाखान्याचा. बंद आहे म्हणाले. उघडला की कळवतील."

ठरवून नाही बोलले. पण तोंडातून इतकं सरळ बाहेर पडलं की मलाच वाटलं, असंच सांगितलं असेल तिने. ताई म्हणाल्या, "बरं झालं, या कोटाचं काम तरी होईल," आणि मान खाली घातली.

महिन्याने फोन आला तेव्हा नवऱ्याला साधा खोकला झाला होता. मी सांगितलं, घरात खोकला आहे. ते खरं होतं. खरं बोलायला मिळालं म्हणून मला इतकं बरं वाटलं की मी जरा जास्तच सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, "मग नका येऊ. पण पुढच्या वेळी नक्की." पुढच्या वेळी तिचा आवाज बदललेला होता. "पेशंटशी बोलू द्याल का जरा? खूप दिवस झालेत."

"त्या झोपल्यात," मी म्हणाले.

दुपारचे बारा वाजले होते. भिंतीपलीकडून ताईंचा आवाज येत होता. वर्तमानपत्राची घडी विस्कटली म्हणून भावाला झापत होत्या. ती मुलगी म्हणाली, "बरं. तुम्हीच फोन करा जमेल तेव्हा." त्यानंतर तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. आज करू, उद्या करू, असं म्हणताना एकदा साथ ओसरल्यासारखी वाटली, मग पुन्हा वाढली. मधून मधून ताई विचारायच्या, "काय गं, उघडला का तुझा दवाखाना?" माझा दवाखाना म्हणायच्या, जसं काही मीच तिथं किल्ली घेऊन बसले होते. एका अर्थी बसलेच होते.

पाचव्या महिन्यात ताई एका चौकड्याच्या कोटावर काम करत होत्या. "हल्ली कापडवाले चौकडीसुद्धा वाकडी विणायला लागलेत," म्हणाल्या. मी कोट हातात घेतला. चौकडी सरळ होती. मी कोट परत दिला आणि काही बोलले नाही, कारण बोलले असते तर मला कळलं आहे हे मलाच कळलं असतं.

त्याच आठवड्यात तोंड धुताना त्यांच्या डाव्या डोळ्यात साबण गेला. तो डोळा चोळत चोळत त्या बाहेर आल्या आणि भावाकडे पाहून थांबल्या.

"बाळ्या, तुझं नाक कुठं गेलं रे?"

"जागेवर आहे," तो म्हणाला. "वाहतंय, म्हणून लपवून ठेवलंय."

आम्ही तिघंही हसलो. मग ताईंनी डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा ठेवला तेव्हा कुणी हसत नव्हतं.

मी फोन केला. त्याच दिवशी या म्हणाले. मशीनवर हनुवटी टेकवून झाली, डॉक्टरबाईंनी पडद्याचा फोटो बघितला आणि खुर्ची ताईंकडे वळवली. मधल्या भागात आता व्रण झाला होता. इंजेक्शनने तो आणखी पसरणार नाही, पण गेलेलं परत यायचं नाही. कडेने दिसेल. मधोमध, जिथं माणूस बघतो, तिथं नाही.

"तुमचा दवाखाना बंद, त्याला कोण काय करणार," ताई म्हणाल्या. समजूत घातल्यासारखं म्हणाल्या, डॉक्टरबाईंची.

डॉक्टरबाईंनी कागदावरून मान वर केली नाही. बाहेर चाळीस माणसं बसली होती. "या काळात फार जणांचं असं झालं," त्या म्हणाल्या. "रोज एक तरी येतो."

फार जणांचं. ते शब्द मी घट्ट धरले. कुणी गाडी नाही म्हणून राहिलं, कुणी भीतीने, कुणी खरंच दवाखाना बंद म्हणून. माझा गुन्हा त्या गर्दीत जाऊन उभा राहिला, तोंडाला मास्क लावून. कुणी ओळखलं नाही.

त्यानंतर दीड वर्षं मी ताईंची इतकी सेवा केली की त्या वैतागल्या. एका डोळ्याने अंतर कळत नाही, चहा कपाच्या शेजारी ओतला जातो, म्हणून मी ओतायची. चष्मा पुसून द्यायची. रस्त्यात कोपर धरायची. नवरा म्हणाला, "मी मागे अकरा दिवस पडून होतो तेव्हाही एवढं नव्हतं माझं कौतुक." ताई म्हणाल्या, "बये, डोळा गेलाय माझा. हातपाय आहेत. जरा लांब हो." मी चार हात लांब व्हायची आणि पुन्हा यायची. डाव्या डोळ्यावर काम चालू होतं. रफू जमत होता, वेळ दुप्पट लागत होता.

मागच्या शुक्रवारी नेहमीच्या तपासणीत डाव्या डोळ्यातही ओल सापडली. डॉक्टरबाईंनी या वेळी मान वर करून सांगितलं. "लवकर सापडलंय. हा डोळा वाचेल. येत्या गुरुवारी पहिलं इंजेक्शन, मग दर महिन्याला. एकही चुकवायचं नाही." ताई म्हणाल्या, "मी कुठं चुकवते?" आणि आम्ही घरी आलो.

सोमवारी दुपारी दुकानात मास्तरीणबाई आल्या. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, जुनं गिऱ्हाईक. कोपराला विरलेला कोट घेऊन आल्या होत्या. ताईंनी कोट नाकाशी धरून बघितला तसं बाईंनी डोळ्यांचं विचारलं आणि ताईंनी सगळं सांगितलं.

"अगं बाई, मलाही तेच," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पण माझं छान धरून ठेवलंय त्यांनी. एक इंजेक्शन चुकलं नाही. सगळं बंद होतं ना, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तेव्हासुद्धा बोलवायचे."

"कुठल्या दवाखान्यात जाता तुम्ही?"

"इथंच की, पाण्याच्या टाकीमागे."

गोष्टींमध्ये अशा वेळी इस्त्रीखालचं कापड जळतं. माझं जळलं नाही. बावीस वर्षांचा हात, त्याने आपोआप इस्त्री उचलून उभी केली. फक्त मी पुढची घडी घालायला विसरले.

"तो बंद होता," ताई म्हणाल्या.

"छे हो. आदल्या दिवशी फोन यायचा. एक मुलगी आहे, फार गोड बोलते."

"मला नाही आला."

"राहिला असेल. एवढे पेशंट, एखादा राहतो," असं म्हणत मास्तरीणबाईंनी पावती पर्समध्ये घातली आणि त्या गेल्या. त्यांना वाटलं असेल आपण धीर दिला.

ताईंनी सुई सुयांच्या गादीत खोचली. "एखादा राहतो," त्या म्हणाल्या. "मीच बरी राहिले. तिला फोन, मला नाही. ती मास्तरीण, मी भोकं बुजवणारी."

"तसं नसेल हो ताई."

"मग कसं असेल?"

मी टॉवेलची घडी घातली. टॉवेलला इस्त्री करायची नव्हती.

"गुरुवारी मी जायची नाही," ताई म्हणाल्या. "ज्यांनी एक डोळा विसरून घालवला, त्यांच्या हातात दुसरा देऊ? दुसरीकडे बघ."

मी त्यांच्यासमोर मोठ्या दवाखान्यात फोन लावला. साडेतीन महिन्यांनंतरचा नंबर मिळाला. डाव्या डोळ्याला एवढा वेळ नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं आणि मला तर पाठ होतं. "थांबेन," त्या म्हणाल्या. "थांबायची सवय लावलीच आहे त्यांनी." संध्याकाळी नवऱ्याने समजावलं, चिडला, हात जोडले. ताईंनी त्याला एवढंच विचारलं, "तुझा डोळा आहे का?" तो बाहेर जाऊन बसला आणि मला म्हणाला, "तूच काहीतरी कर. तुझं ऐकते ती."

मंगळवारी जेवण झाल्यावर ताईंनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. "कागद घे," म्हणाल्या. "तक्रार लिहायची. मोठ्या डॉक्टरबाईंच्या नावाने. ती फोन करायला कोण पोरगी बसते, तिचं नाव माहीत नाही. 'फोन करणारी मुलगी' असं लिही. तिला काढायला पाहिजे तिथून."

त्या मुलीचं हसणं मला आठवलं. चष्मा लावूनही ओवता येत नाही म्हणाली होती.

ताई सांगायला लागल्या. त्या चांगलं सांगतात, वाक्य मोडत नाहीत. "लिही. 'आपल्या दवाखान्यात मी दीड वर्षं न चुकता येत होते. साथीच्या पाच महिन्यांत आपल्याकडून मला एकदाही फोन आला नाही.'"

मी लिहिलं. पहिलं वाक्य त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. दुसरं नाही लिहिता आलं. सोमवारी रात्रभर मी ते तोंडाने सांगायची तयारी केली होती, आणि सकाळी चहाच्या वेळी तोंड उघडलं तर 'साखर घालू का' एवढंच बाहेर पडलं होतं. हात तोंडापेक्षा धीट निघाला. ताई सांगत राहिल्या, मी दुसरंच लिहीत राहिले. पेनचा आवाज तोच येतो.

"झालं? दे, सही करते." त्यांनी चष्मा लावला. "कुठं, इथं?"

"आधी वाचा, ताई."

"वाचत नाही बसत. तू लिहिलंस म्हणजे झालं."

"नाही, वाचाच."

त्यांनी माझ्याकडे मान तिरकी करून पाहिलं. उजवा गेल्यापासून त्या असंच बघतात, चिमणीसारखं. मग कागद घेऊन खिडकीशी गेल्या. ओळीखाली अंगठा ठेवला आणि एकेक शब्द मोठ्याने वाचायला लागल्या. मी टेबलाची कडा धरून उभी होते. एवढंच वाटत होतं की लवकर संपावं, आणि त्यांनी वाचून काय ते करावं, ओरडावं, कागद तोंडावर फेकावा. ताई आजवर कधी ओरडल्या नाहीत, तरी मी तेच मागत होते.

"'दीड वर्षं न चुकता येत होते. साथीच्या काळात आपल्याकडून तीनदा...' तीनदा काय? मी एकदाही म्हणाले." अंगठा पुढे सरकला. थांबला. मागे आला. त्यांनी कागद जवळ घेतला, लांब धरला. "इथून ओळ खाली जातेय. फोन आला, पुढे... माझ्या का माझा? पाण्यात पडल्यासारखं दिसतंय." त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "घे, तूच वाच. डावाही वाकवायला लागला."

ज्या डोळ्यासाठी मी हे लिहिलं होतं, तोच ते वाचू शकत नव्हता. मी कागद घेतला आणि वाचलं.

"'आपल्याकडून तीनदा फोन आला. तीनही वेळा माझ्या भावजयीने घेतला. पहिल्यांदा तिने मला न विचारता डोळे उत्तम आहेत असं सांगितलं. दुसऱ्यांदा घरात खोकला आहे म्हणाली. तिसऱ्यांदा, त्या झोपल्यात म्हणाली. मला तिने दवाखाना बंद आहे असं सांगितलं. यात फोन करणाऱ्या मुलीचा दोष नाही.'"

शटरखालून कुणाचे तरी पाय गेले. ताई स्टुलावर बसल्या.

"तीनदा?"

"तीनदा."

"झोपले होते? मी?"

"दुपारी बारा वाजता."

"मी दुपारची कधी झोपले आहे का गं?" एवढं एकच त्यांना सहन झालं नाही असं वाटलं. मग म्हणाल्या, "डोळे उत्तम आहेत, हे कशावरून सांगितलंस?"

"तुम्ही सुईत दोरा ओवला म्हणून. मी दारातून बघितलं."

ताईंनी गादीतून सुई काढली. दोरा दातांखाली चपटा केला, चिमटीत अगदी टोकाशी धरला. मग माझ्याकडे तोंड करून दोन्ही डोळे मिटले. सुई दोऱ्यावर आणली, बोटाच्या पेराने चाचपली, आणि दोरा पलीकडे निघाला.

"सुई मी डोळ्यांनी ओवते असं कुणी सांगितलं तुला?" डोळे मिटूनच म्हणाल्या. "बावीस वर्षं शेजारी बसतेस."

काय सांगणार? की मी कधी नीट बघितलंच नाही?

"भीती कशाची होती? बाळ्याची?"

"हो. डॉक्टर म्हणाले होते..."

"काय म्हणाले होते ते माहीत आहे मला. मीही तिथंच होते, जिन्यात." त्यांनी ओवलेली सुई पुन्हा गादीत खोचली. "मला विचारलं असतंस तर मीच कदाचित नको म्हणाले असते. म्हणाले असते, राहू दे, त्याला जप. किंवा नसते म्हणाले. आता कळायचं नाही ते. तुलाही नाही आणि मलाही नाही."

"ताई..."

"रडू नकोस. कागद भिजेल." मग जरा वेळाने, "बाळ्याला सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नकोस. आपल्यापायी डोळा गेला असं घेईल मनाला. आधीच त्याला श्वास पुरत नाही."

म्हणजे हे आता आम्हा दोघींतच राहणार होतं. मला नवऱ्याने चार शब्द सुनावले असते तर हलकं वाटलं असतं, तेही ताईंनी मिळू दिलं नाही. शिक्षा म्हणून नाही, त्यांनी भावाचा विचार केला. मी केला होता तसाच.

"गुरुवारी किती वाजता आहे?" त्यांनी विचारलं.

"दहाला."

त्यांनी कागदाची घडी केली आणि शटर वर ढकललं.

बुधवारी त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. चहा स्वतः ओतला, निम्मा बशीत गेला, मी जागची हलले नाही. संध्याकाळी त्यांनी भावाला त्याचा जुना फोन मागितला आणि नंबर लावून घेतला. "तुला कशाला एकदम?" त्याने विचारलं. "मैत्रिणी करणार आहे," त्या म्हणाल्या.

गुरुवारी दवाखान्यात काचेमागे ती मुलगी बसली होती. मी तिला पहिल्यांदाच नीट पाहिलं. जाड चष्मा, डोळ्यांखाली काळं. नाव सांगितल्यावर तिने स्क्रीनवर बघितलं आणि माझ्याकडे बघून हसली.

"तुम्हीच ना त्या सुईवाल्या? घरी सगळ्यांना सांगितलं होतं मी ते. फोन नंबर तोच ठेवू?"

"नाही," ताई म्हणाल्या, आणि स्वतःचा नंबर दोन दोन आकडे करून सांगितला. मुलीने माझा खोडला. मग तिने विचारलं, सोबत कोण. ताई म्हणाल्या, "भावजय आहे. बाहेर बसेल."

इतकी वर्षं मी आत जायची. थेंब घातले की त्यांची पर्स धरायची, कपाळावर इंजेक्शन द्यायच्या डोळ्याच्या बाजूला खुणेची चिकटपट्टी लावतात ती बरोबर बाजूला लावली का ते बघायची. त्या दिवशी मी बाहेर बसले, खुर्च्या आता पुन्हा जवळ जवळ आणल्या होत्या. अर्ध्या तासाने दार उघडलं. ताई बाहेर आल्या, डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. उघडा होता तो उजवा, ज्याला मधोमध काही दिसत नाही. त्यांनी हात पुढे केला. मी कोपर दिलं, त्यांनी धरलं. दुसरं कुणी नव्हतंच धरायला.

दारापाशी त्या थांबल्या.

"पायऱ्या किती आहेत?"

"चार."

त्या उतरल्या. एक, दोन, तीन, चार. चौथीनंतर सपाट रस्ता होता, मी पाऊल पुढे टाकलं. ताईंनी नाही टाकलं. माझं कोपर धरून त्यांनी उजव्या चपलेने समोरची जमीन चाचपली, पाचवी आहे का बघायला. नव्हती. मग चालायला लागल्या.